इलेक्शन ड्युटी, सिंगापूर

जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक परदेशी निघाला की तो फिरायला निघत नाही, ड्युटीवर निघतो. शेलूबाजारच्या चौकात असे एखादे गुरुजी हल्ली अधूनमधून दिसतात. पोरगी शिकली, पुण्यात नोकरीला लागली, जावयासोबत सिंगापूरला गेली आणि वर्षानुवर्षं फोनवर "या ना बाबा" म्हणत राहिली. गुरुजींनी आधी रिटायरमेंटचं कारण सांगितलं, मग ग्रॅच्युइटीचं, मग तुरीच्या सोंगणीचं. शेवटी काकू म्हणाल्या, "तुमी वावर राखा, मी एकटी जाऊन येतो." त्या दिवशी पासपोर्टचा विषय निघाला.

फॉर्म भरतानाच पहिली आफत आली. गुरुजींची जन्मतारीख 1 जून, काकूंचीही 1 जून. सेतूवाल्या पोराला वाटलं, कॉपी-पेस्टची चूक झाली. त्याला कोण सांगणार, की शाळेत नाव घालायला आलेल्या अर्ध्या तालुक्याला 1 जूनलाच जन्माला घालणारी जमात गुरुजींचीच! त्या पोराच्या बापाची तारीखही गुरुजींनीच टाकलेली. काकूंच्या नावाची तऱ्हा वेगळी. आधारवर नावाला 'बाई' जोडलेलं, टीसीवर नाही, आणि बँकेच्या पासबुकात आडनावाचं स्पेलिंग कॅशियरच्या मर्जीनं. ते सगळं एका रांगेत आणता आणता सोयाबीनचा एक हंगाम गेला. कागदांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागत नाही, स्वतःची चालते, हे कळल्यावर गुरुजी दुखावले. जन्मभर लोकांना तहसीलच्या पायऱ्या चढायला लावल्या, आणि आपल्या वेळी ही ढिलाई!

पासपोर्टच्या कामाला नागपूरला गेले, तेव्हा गुरुजींनी काकूंना मेट्रो स्टेशनात नेऊन सरकत्या जिन्याचा सराव दिला. साडीचा काठ हातात, नजर समोर, उजवा पाय आधी. काकू दुसऱ्याच फेरीला पटाईत झाल्या. गुरुजी मात्र सूचना देता देता खालीच राहिले.

पडताळणीसाठी पोलीस घरी आला, तेव्हा शेजाऱ्यांनी आधी दारं लावून घेतली आणि मग खिडक्या उघडल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. इथून पुढे दौरा गुरुजींचा राहिला नाही, गावाचा झाला. व्हिसाच्या फोटोवर तर चौकात परिसंवादच भरला. सिंगापूरला 35 बाय 45 मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो लागतो. गावच्या फोटोग्राफरला माणूस आहे तसा दाखवायची सवय नाही. त्यानं मागचा पडदा पांढरा केला आणि त्याच हातानं गुरुजींनाही पांढरं केलं. फोटोत नुसता चष्मा आणि मिशी उरली.

खरी परीक्षा बॅगेची. तिकिटावर माणशी 25 किलो, हातातल्या बॅगेला 7. घरातल्या वजनकाट्यावर गुरुजींचा विश्वास नाही, कारण तो काकूंचं वजन सांगतो ते काकूंना मान्य नसतं. म्हणून बॅग निघाली अडत्याच्या काट्यावर. हमालानं ती पोत्यासारखी पाठीवर घेतली आणि आदळली. 24 किलो 800. दिवाणजीनं सवयीनं सांगितलं, "बारदान्याचं एक किलो वजा."

"अन् कडता?" गुरुजींनी डोळे वटारले.

"तुमच्याकडून नाई घेत, गुरुजी."

ओट्यावर बसलेल्या एकानं विडी विझवत सल्ला दिला, "ओल पाहून घ्या एकदा. बारा टक्क्यांच्या वर भरली तं इमानवाले भाव पाडतीन."

मग बॅगेत काय न्यायचं, याची आचारसंहिता लागू झाली. काकूंनी उन्हाळ्यात कुटलेला काळा मसाला डब्यात तयार होता. त्यात खसखस. सिंगापूरच्या कायद्यात खसखस अमली पदार्थांच्या खात्यात मोडते, हे मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतकी वर्षं आपण जावयाला काय खाऊ घातलं! सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेलामुळे आपोआप पेटू शकतं म्हणून. म्हणजे मसाला पुन्हा कुटणं आलं, आणि खसखस-खोबऱ्याशिवाय जे उरलं त्याला काकूंनी मसाला म्हणायचं नाकारलं. मुलगी सांगत होती, "आई, मुस्तफा सेंटरमध्ये तूरडाळसुद्धा मिळते." गुरुजी फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आपल्या वावरातली मिळते का?" तीन किलो डाळ बॅगेत गेली.

खर्ऱ्याचा प्रश्न नाजूक होता. गुरुजी खर्रा खात नाहीत, असं काकूंना वाटतं. काकूंना तसं वाटतं, असं गुरुजींना वाटतं. सिंगापूरमध्ये चघळायची तंबाखू न्यायला बंदी आणि रस्त्यावर थुंकलं तर दंड, हे कळल्यापासून गुरुजींनी खिशात भाजलेली जवस ठेवायला सुरुवात केली. चौकातल्या पानठेलेवाल्यानं हे धंद्यावरचं संकट मानलं.

तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. गुरुजींनी महिनाभर आधीच घरातलं घड्याळ सिंगापूरला लावलं. संध्याकाळी साडेसातला घरात दहा वाजायचे आणि दिवे मालवले जायचे. दुधवाला आला की गुरुजी जेवायच्या तयारीत. दोनदा लोक काळजीनं विचारपूस करून गेले.

समृद्धी महामार्ग गावाजवळूनच जातो, नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर आता पूर्ण खुला आहे. विमान रात्रीचं. तरी गुरुजी दोन दिवस आधी निघाले, कारण मतदान केंद्रावर पथक आदल्या दिवशी पोचतं आणि हे केंद्र जरा दूरचं. गळ्यात पाकीट, पाकिटात कागदांचे तीन संच, आणि तोंडात चार महिने घोकलेली उत्तरं: कशासाठी आलात, किती दिवस, कुणाकडे, परतीचं तिकीट कुठे.

मुंबईत अधिकाऱ्यानं मान वर न करता शिक्का मारला. गुरुजींनी मनाची समजूत घातली, मुख्य परीक्षा पुढे आहे. सिंगापूरला तर अधिकारीच नव्हता. यंत्रानं पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला, फाटक उघडलं. शिक्कासुद्धा नाही, पास म्हणे ई-मेलवर येतो. काकू पलीकडे निघून गेल्या. गुरुजींनी मागे वळून पाहिलं, मग बाजूला उभ्या असलेल्या वर्दीतल्या माणसाकडे गेले, छाती काढून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "व्हिजिटिंग डॉटर, सर! फर्स्ट टाइम! ट्वेंटी एट डेज! रिटर्न तिकीट हाय!"

त्यानं हसून त्यांना बॅगा येतात तो पट्टा दाखवला.