रतनपुरुष आणि एक मोजा

(नाहूर. सोसायटीच्या पंपरूममागचा कोपरा. रविवार सकाळ.)

काकू : मामा, थांबा! आधी ते खुरपं खाली ठेवा.

माळी : का वो? गवतच काढतोय. सेक्रेटरीसाहेब म्हणले, हितं काडी दिसायला नको.

काकू : ही काडी नाही. फूल बघा, एकच जांभळी पाकळी, फावड्यासारखी.

माळी : बाकीच्या गळल्या असतील.

काकू : छे! चार आहेत, पण जेमतेम दिसण्यापुरत्या. सगळा थाट त्या एकीचाच.

माळी : म्हंजे आपल्या कमिटीगत.

काकू : याला रतनपुरुष म्हणतात. आमच्याकडे नुसता पुरुष आहे.

माळी : हळू बोला, काका ग्यालरीत पेपर वाचतायत.

काकू : वाचू देत. अहो, हे अस्सल व्हायोलेटचं भाऊबंद. लिनियसनं १७५३ साली याला व्हायोलातच धरलं होतं. नावही दिलं 'नऊ बियांचं'.

माळी : मग तुमच्या खिडकीतलं ते आफ्रिकन व्हायोलेट?

काकू : त्याचं व्हायोलेटशी नातं नावापुरतं, कूळच वेगळं. कोकोपीट आणलं, पानांवर थेंब पडू नये म्हणून खालून वातीनं पाणी दिलं. श्रावणात कुजलंच!

माळी : आन् ह्याला कोण पाणी घालतंय? आमच्या गावाकडं माळावर आपसूक उगवतंय.

काकू : म्हणूनच म्हणते, मुळासकट उपटून माझ्या कुंडीत लावून द्या.

माळी : मेलंच समजा. खोड बुडाशी लाकडागत झालंय, मूळ भिंतीच्या फटीत. वढलं की तुटतंय. बी धरा.

काकू : शेणखत किती घालू?

माळी : काय बी नको. मुरमाड माती, कडक ऊन. आन् कुंडीपाशी रोज जाऊ नका.

काकू : रोज नको? मग मी करू काय?

माळी : तेच अवघड हाय तुमाला. ही बोंडं बघा, खाली मान घालून लटकल्यात. पिकली की बी घ्यायचं.

काकू : बरं, परवा येते डबी घेऊन.

माळी : परवा? ही काय नाहूरला थांबणारी स्लो लोकल हाय? पिकलं बोंड म्हंजे फास्ट गाडी, डोळ्यांदेखत जातीय.

(तेवढ्यात एक वाळकं बोंड तीन फाकांत उघडतं. बारीक पिवळसर बिया उडतात. एक काकूंच्या चष्म्यावर टिचकते.)

काकू : अगंबाई! आता हो?

माळी : बाकीच्या बोंडांना पातळ फडकं बांधा. हवा लागली पायजे, बी उडाया नको.

काकू : (वर बघून) अहो, ऐकलंत का? तुमचा तो विरलेला नायलॉनचा मोजा टाका खाली!

(वरून आवाज) : एकच, का जोडी?