परदेश, व्हाया अंजूरफाटा

इंग्रजी शिकवायला परदेशी निघालेल्या माणसाला सल्ले देण्याचा धंदा हल्ली इंग्रजी शिकवण्याच्या धंद्यापेक्षा तेजीत आहे. हनोईत खोली कशी बघावी, बँकॉकमध्ये पाणी कुठलं प्यावं, सोलमध्ये कचरा कुठल्या पिशवीत टाकावा, घरची आठवण आली तर कुणाला फोन करावा, याची पानंच्या पानं वाचायला मिळतात. वाचता वाचता लक्षात येतं, की यातल्या एकाही सल्ल्याचा इंग्रजीशी काडीचा संबंध नाही. नवा मास्तर व्याकरणात मार खातच नाही. तो मार खातो घरमालक, जेवण, झोप आणि सुट्टीचा वार या चार विषयांत. हे खरं असेल (आणि इतकी माणसं एकसुरात खोटं कशाला बोलतील?), तर माझं म्हणणं सरळ आहे. परदेशी जाऊन इंग्रजी शिकवायची ज्याला हौस आहे त्याने आधी एक वर्ष भिवंडीत नोकरी करावी. हौस टिकली तर पुढचा परदेश सोपा जाईल. नाही टिकली तर विमानाचं भाडं वाचेल.

पुराव्यासाठी ओबेर्गसाहेबांना बोलावू. ‘कल्चर शॉक’ ही कल्पना रूढ करणारे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबेर्ग यांनी तिच्या पायऱ्या सांगितल्या त्या १९५४ साली, रिओ दि जानेरोतल्या एका महिला मंडळापुढच्या भाषणात. महिला मंडळापुढचं भाषण सत्तर वर्षं जगभर वापरात राहतं, याची आपल्याकडच्या हळदीकुंकू-व्याख्यात्यांनी नोंद घ्यावी. आधी मधुचंद्र, मग चिडचिड, मग सावरणं आणि शेवटी रुळणं, अशा त्या पायऱ्या. आता समजा, लातूरकडचा एक बीएड झालेला तरुण भिवंडीतल्या धामणकर नाक्याजवळच्या एखाद्या खासगी इंग्रजी शाळेत रुजू झाला. ‘मुंबईला नोकरी लागली’ असं गावभर सांगण्यातच त्याचा मधुचंद्र उरकतो, कारण भिवंडी ठाण्याच्याही पलीकडे आहे हे त्याला नुकतंच कळलेलं असतं, गावाला कळलेलं नसतं. चिडचिड खोली मिळाल्याबरोबर सुरू होते. भिवंडीत खोली मिळते, पण तिच्या खाली, शेजारी किंवा मागे यंत्रमाग नसेल अशी हमी कोणी देत नाही. माग दिवसपाळीतही चालतात आणि रातपाळीतही, आणि एकेका मागावरचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे आपटतो. त्यात मागांची सुट्टी शुक्रवारी आणि शाळेची रविवारी. म्हणजे खोलीत शांतता असते तेव्हा मास्तर वर्गात ओरडत असतो, आणि मास्तर खोलीत असतो तेव्हा माग ओरडत असतात. महिन्याअखेर विजेचं बिल येतं, ते महावितरणचं नसतं. २००७ पासून इथलं वितरण एका खासगी कंपनीकडे आहे, देशातला तो तसला पहिला प्रयोग. गावाकडचं बिल ओळखीचं असलेल्या माणसाला त्यावरचं नाव वाचूनच सरहद्द ओलांडल्यासारखं वाटतं. सावरण्याची पायरी आली हे ओळखायची खूण मात्र अगदी सोपी. पूर्वी त्याला मागांच्या आवाजाने झोप लागत नसे. आता वीज गेली आणि माग थांबले, की तो दचकून जागा होतो. ही खूण ओबेर्ग यांच्या भाषणात नाही. ते यंत्रमागावरच्या खोलीत राहत नसावेत.

जेवणाचं फार लांबवत नाही. मागावरच्या कामगारांच्या खानावळी असतात, त्यांना इथे भिशी म्हणतात, आणि तिथे दोन वेळचं जेवण महिन्याच्या हिशेबाने मिळतं. मालक ज्या मुलखाचा, तिखट त्या मुलखाचं. ‘स्थानिक पदार्थ आवडीने खावेत’ असा सल्ला व्हिएतनामला जाणाऱ्यांना देतात. भिवंडीत स्थानिक पदार्थ कोणता हे ठरवायलाच एक शैक्षणिक वर्ष लागतं.

कारण भिवंडीत स्थानिक कोण, हाच प्रश्न अवघड आहे. आसपासच्या गावांत आगरी, जुन्या वस्तीत कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून पिढ्यान् पिढ्या येत राहिलेले विणकर, पद्मानगरात तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज, कापडबाजारात गुजराती आणि मारवाडी, आणि आता काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या गोदामांमुळे सगळा देश. पालिकेच्या शाळाच मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या आहेत. या सगळ्यांची मुलं खासगी इंग्रजी शाळेत एका बाकावर बसतात आणि लातूरच्या मास्तरकडे बघतात. तो फळ्यावर ‘स्कूल’ लिहितो. उत्तर प्रदेशाकडचा मुलगा ‘इस्कूल’ वाचतो, आधी स्वर घेऊन मग उडी मारतो. तेलुगू घरातली मुलगी ‘बस’ची ‘बस्सु’ करते, म्हणजे उडी झाल्यावर एक स्वर जास्तीचा टेकवते. मास्तर दोघांनाही मोठ्या मायेने सुधारतो आणि ‘झेब्रा’ म्हणून दाखवतो. तेव्हा उर्दू बोलणारा तोच मुलगा शांतपणे अस्सल ‘ज़’ काढून दाखवतो, कारण ‘ज़’ आणि ‘फ़’ त्याच्या घरात जन्मापासून आहेत, मास्तरच्या बालभारतीत नव्हते. शाळेतून मदरशात जाणाऱ्या मुलाने एकच वही दोन्हीकडे वापरली, तर ती डावीकडून इंग्रजीने आणि उजवीकडून उर्दूने भरत येते. दोन्ही भाषा मधल्या पिनांपाशी भेटतात तेव्हा नवी वही घ्यायची. इतक्या गुंत्याचा वर्ग बँकॉकमध्ये सापडेल असं मला वाटत नाही. तिथे बहुतेक मुलं चुकतात तीही एकाच पद्धतीने.

इथे पहिला आक्षेप येतो: पण ते ‘नेटिव्ह स्पीकर’चं काय? परदेशी त्यालाच तर भाव असतो! खरं आहे. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० साली अमलात आलेल्या व्यापारी कराराने भारतीयांसाठी जरा दार किलकिलं केलं, पण ते साहाय्यक शिक्षकाचं. म्हणजे इंग्रजी कुणाला येतं हे कोरियात पासपोर्टच्या रंगावरून ठरतं. सम्राट हेले सेलासींच्या काळात इथिओपियातल्या शाळांना हे कोणी सांगितलं नसावं. तिथे भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने गेले आणि त्यांनी इंग्रजीतून गणितही शिकवलं. भिवंडीचा न्याय याहून कडक आहे. इथल्या पालकाला मास्तरचा जन्म कुठे झाला याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला एवढंच बघायचं असतं, की गोदामात आलेल्या मालाचं इंग्रजी चलन पोराला वाचता येतं की नाही. नेटिव्ह स्पीकर या परीक्षेला बसला तर तोही आधी ‘ग्रे’ (म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं) कापड म्हणजे राखाडी कापड असं समजून नापास होईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भिवंडी ठाणे जिल्ह्यात आहे, नाणं तेच, निवडणुका त्याच, आणि फारच झालं तर माणूस शनिवारी संध्याकाळी कल्याणला मावशीकडे जाऊ शकतो. मग त्याला परदेश कसं म्हणायचं? मावशीपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. रोज कल्याणहून येऊन डबा खाऊन परत जाणारा शिक्षक भिवंडीत दहा वर्षं काढूनही पर्यटकच राहतो. पण हाच रोग परदेशातही आहे. तिकडे आपल्याच देशाच्या मंडळींच्या क्लबात बसून तिथल्या भाषेचे चार शब्दही न शिकता निवृत्त होणारे मास्तर शेकड्यांनी सापडतील. ‘भिवंडीला परदेश म्हणणं हा भिवंडीचा अपमान’ असाही सूर निघेल. त्याला उत्तर एवढंच, की परका मास्तर आहे, गाव नाही. आलेल्याला कामाला लावण्याचा या गावाचा अनुभव मास्तरच्या अनुभव-प्रमाणपत्राहून बराच जुना आहे.

तिसरा आक्षेप तज्ज्ञांचा. ते म्हणतात, परदेशी शिक्षकाने मुलांची भाषा न शिकणंच चांगलं. मग मुलं नाइलाजाने इंग्रजी बोलतात. या तत्त्वाविरुद्ध मी मेजर थॉमस कँडी यांना साक्षीला काढतो. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज पुण्याच्या पाठशाळेचा प्रमुख झाला, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात राबला, शालेय पुस्तकांची मराठी तपासत बसला, आणि मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय आजही त्यांनाच देतात. त्यांनी किती मुलांचं इंग्रजी सुधारलं ते कोणी विचारत नाही. प्रश्नचिन्ह मात्र आपण त्यांच्याच कृपेने काढतो. रुळण्याची चौथी पायरी म्हणतात ती ही. लातूरचा मास्तर कँडी होणार नाही, पण वर्षाअखेरीस मुलांना चूक का होते हे समजण्यापुरतं उर्दू आणि तेलुगू त्याच्या कानात बसलं, तर त्याच्या बायोडाटात बँकॉकच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त वजनाची ओळ जमा झाली, असं माझं मत आहे.

तेव्हा इच्छुकांनी कोरियाचा अर्ज भरण्याआधी विचार करावा. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. ठाण्याहून आणि कल्याणहून भिवंडीची एसटी मिळते, वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड नावाचं स्टेशनही आहे. व्हिसा लागत नाही. भिवंडीत शिरताना अंजूरफाट्याला ट्रकांच्या मागे अडकलात, तर मात्र विमानतळावरच्या इमिग्रेशनच्या रांगेइतका वेळ हाताशी ठेवून निघा.