पोक आलं? पट्टा मागवा!

आटपाडीतल्या कुठल्याही घरात संध्याकाळी डोकावा. नववीतले चिरंजीव मोबाइलवर मान मोडून बसलेले आणि आई ओरडतेय, "अरं, ताठ बस की! पोक आलंय नुसतं!" चिरंजीव ताठ होतात. पुढचं रील लागेपर्यंत.

मग वडील ऑनलाइन पट्टा मागवतात. खांदे मागे ओढायचं काम पट्ट्याने घेतलं की पाठीचे स्नायू बिनकामाचे. पट्टा उतरला, पोक हजर.

ही आटपाडी एके काळी औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. 1938 साली त्यांचं सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. तिकडे साहेब वाचत होता, इकडे पोरं घामाघूम होत होती.

आता राजे गेले, सक्तीही गेली. सूर्यनमस्कार उरले रथसप्तमीच्या फोटोपुरते. पी.टी.चा तास वेळापत्रकात असतो, पण दहावी जवळ आली की तो गणिताच्या सरांना आंदण. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, असं केंद्राचं 2020 चं धोरण सांगतं. म्हणजे 45 किलोच्या पोराला साडेचार किलो. आमच्याकडे डाळिंब काट्यावर चढतं, दप्तर नाही.

ओरडून पाठ सरळ होत नाही. छातीचे आखडलेले स्नायू ताणायचे, पाठीचे ढिले पडलेले कामाला लावायचे. पालथं पडून छाती उचलणं, भिंतीला पाठ टेकून हात वर-खाली सरकवणं, दाराच्या चौकटीला हात लावून छाती ताणणं. रोज दहा-पंधरा मिनिटं, काही महिने. फुकट आहे, म्हणूनच पटत नाही.

मात्र आधी पोराला पालथं झोपवून छाती उचलायला सांगा. बाक सरळ झाला तर बहुधा सवयीचा दोष. तसाच ताठर राहिला किंवा पाठ दुखत असेल, तर टोमणे बंद करा आणि हाडांचे डॉक्टर गाठा. शॉयरमनच्या आजारात वाढत्या वयातले मणके पुढच्या बाजूने पाचरीसारखे निमुळते होतात, ते एक्स-रेत दिसतं. डॉक्टरांनी मापाने दिलेला ब्रेस लागलाच, तर तो हाडांची वाढ चालू असतानाच उपयोगी पडतो. बाजारातला पट्टा म्हणजे तो ब्रेस नव्हे.

राजे स्वतः रोज नमस्कार घालत, म्हणून त्यांची सक्ती शोभली. पालकांनी आधी आपला मोबाइल खाली ठेवावा. आणि सर, पी.टी.चा तेवढा तास परत द्या.