खंडेनवमीच्या दोन पुंगळ्या

गृहस्थाश्रमात धातूंची एक अलिखित परंतु अत्यंत काटेकोर श्रेणीव्यवस्था असते. देवघरातील तांबे-पितळ सर्वश्रेष्ठ, आणि त्याच्या उजळणीसाठी चिंच, लिंबू, रांगोळी व पितांबरी यांची कायमची नेमणूक झालेली. त्याखालोखाल स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टील, ज्यावर कोणाच्या मुंजीत कोणी काय दिले याची नोंद कोरलेली असल्यामुळे त्यास दस्तऐवजाची किंमत आलेली. आणि सर्वांत शेवटी, परसातल्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या पुंगळ्यांवरील मुलामा, ज्याची दखल घरातील कोणत्याही दफ्तराने घेतलेली नसते. वर्षातून एकदा, आश्विन शुद्ध नवमीला, या उपेक्षित धातूचे भाग्य उदयास येते. त्या दिवशी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, ड्रिलिंग मशिने आणि हातोड्यासुद्धा झेंडूच्या माळा घालून बसतात, आणि जे लेथला लागू ते वाहनालाही लागू, हा न्याय सर्वमान्य आहे. ज्याची पूजा करावयाची ते स्वच्छ असावे, हा युक्तिवाद धर्मशास्त्राला धरून असल्यामुळे आमच्या सौभाग्यवतींना तो थेट फेटाळता येत नाही. पुंगळ्या घरीच घासण्याचा माझा सबंध हक्क या एका मुद्द्यावर उभा आहे.

माझी गाडी येझदी. झेकोस्लोव्हाकियातील जावाच्या वंशात म्हैसूर येथे जन्म घेतलेल्या या घराण्याने १९७३ साली येझदी हे नाव धारण केले आणि १९९६ साली कारखान्याला कुलूप लागेपर्यंत ते मोठ्या आवाजात मिरविले. या घराण्याचे वैशिष्ट्य असे, की सिलिंडर एकच असूनही पुंगळ्या मात्र दोन, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. बुलेटवाला गृहस्थ एका बाजूस पाट मांडून सगळे कार्य उरकतो. येझदीवाल्यास प्रदक्षिणा घालावी लागते, आणि दुसरी पुंगळी घासून होईपर्यंत पहिलीवर शेजारच्या मांजराने आपल्या पावलांची मोहोर उठविलेली असते.

पुंगळी चकाकते ती क्रोमियममुळे. धातूंमध्ये सर्वांत कठीण मानला जाणारा हा धातू १७९७ साली व्होकलँ नामक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढला. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा रंग ही त्याचीच किमया. परंतु पुंगळीवर त्याचा जो थर असतो तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. खरा भार त्याखालच्या निकलने उचललेला असतो, आणि क्रोमियम नुसते वर बसून वाहवा घेते. या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, त्यांतून पावसाचे पाणी आत झिरपते आणि तळच्या लोखंडाचा गंज बारीक तांबूस ठिपक्यांच्या रूपाने फिर्याद घेऊन वर येतो. उत्साही मनुष्याला हे ठिपके दिसताच त्याचा हात वॉटर पेपरकडे जातो. ठिपके जातात यात संशय नाही. त्यांच्याबरोबर क्रोमियमही जाते आणि खालून किंचित पिवळसर झाक असलेले निकल दिसू लागते, ज्याकडे पाहून शेजारी विचारतात, ‘पितळेची बसवली काय ओ?’

हे शेजारी म्हणजे आमचे आबा. त्यांच्या मते जगातील कोणतीही मलिन वस्तू विटकरीचा भुगा आणि नारळाची शेंडी यांनी उजळते. त्यांनी आपली सायकल, पाण्याचा बंब आणि एकदा नातवाची ढाल याच रीतीने उजळविली होती. त्या ढालीवर नातू कशात पहिला आला होता, हे आता कोणासही वाचता येत नाही. सबब आबांची शिफारस मी दरसाल अत्यंत आदराने ऐकून घेतो आणि दप्तरदाखल करतो.

माझी स्वतःची निवड अॅल्युमिनियमच्या फॉईलवर आहे, आणि ती सशास्त्र आहे. अॅल्युमिनियम क्रोमियमहून पुष्कळच मऊ. पाण्यात बुडवून त्याचा बोळा हलक्या हाताने फिरविला असता गंज उचलला जातो आणि मुलाम्याला ओरखडा पडत नाही. अडचण एकच, ती म्हणजे फॉईलची मालकी.

‘अहो, त्यात उद्या धाकट्याच्या चपात्या जायच्या आहेत.’

‘वीतभरच घेतो.’

‘गेल्या वर्षीही वीतच म्हणाला होता. गाडीला वीत आणि पोराला वर्तमानपत्र!’

यावर शेवटी असा तह झाला, की डब्यातून घरी परत आलेली, चपातीच्या तुपाने माखलेली फॉईल ही माझी. नवी गुंडाळी खालसा मुलूख. तूप धुऊन काढण्यात थोडा वेळ जातो, परंतु अंमलबजावणीत अद्याप कसूर झालेली नाही.

श्रावणात आमचे मेहुणे मागे बसून पन्हाळ्यास आले असता त्यांच्या रेनकोटाने तापलेल्या पुंगळीशी दीर्घ भेट घेतली, आणि रेनकोटाचा एक निळा प्रदेश तेथेच कायम वास्तव्यास राहिला. मेहुण्यांनी याबद्दल पुंगळीलाच दोष दिला. असा डाग लोखंडी पात्याने खरवडू नये; इंजिन थोडे चालू ठेवून पुंगळी कोमट करावी, इंजिन बंद करावे आणि मऊ झालेले प्लास्टिक लाकडाच्या बोथट कडेने लोटून काढावे. आमच्या घरात अशी कड फक्त पिठल्याच्या उलथन्याला आहे. ते उलथने मिळावे म्हणून मी रीतसर दरखास्त केली. ‘रेनकोट माझ्या भावाचा होता’ एवढ्या एकाच सबळ कारणावरून ती मंजूर झाली; आणि त्यानंतर उलथन्याची बदली स्वयंपाकघरातून परसात कायमची झाली.

राहता राहिला तो बेंड, म्हणजे इंजिनातून निघणारे वळण. तेथे पुंगळीवर आधी सोनेरी, मग जांभळी आणि अखेर गर्द निळी छटा चढते. उष्णतेने धातूवरील ऑक्साइडचा पापुद्रा जाड होतो, आणि त्याच्या दोन पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून हे रंग उमटवितात. पॉलिशने ही निळाई पुसता येते, आणि कात्रजचा घाट चढला की ती पूर्ववत हजर होते. आमचे मिस्त्री या खटाटोपाकडे पाहून एवढेच म्हणाले, ‘साहेब, कातडी घासून ताप उतरत न्हाई. आधी कार्ब्युरेटर बघूया.’ पेट्रोल कमी आणि हवा अधिक जात असल्यास इंजिन प्रमाणाबाहेर तापते, हे पाठ्यपुस्तकात सांगावयास एक प्रकरण लागते.

बाहेरचे काम आटोपले, की आतली जाळी काढावयाची. येझदीच्या पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागत असल्याने जाळीवर काजळीचे चिकट, काळेकुट्ट लेप बसतात, आणि ती विस्तवात घालून जाळणे हा जुना, रामबाण व कमालीचा दुर्गंधीयुक्त उपाय आहे. परसातल्या चुलीत जाळी पडताच जो धूर उठतो त्याचा पहिला मुक्काम आबांच्या वाळवणावर असतो. त्या दिवशीचा त्यांचा आणि माझा संवाद येथे नमूद करण्यासारखा नाही. हल्ली काही तरुण ही जाळी साफ करण्याऐवजी आवाज वाढावा म्हणून कायमची काढूनच टाकतात, मग पोलीस त्या पुंगळ्या जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात. माझे आयुष्य एका सिलिंडरच्या आवाजात गेले असल्याने मला शांततेचा कैवार घेण्याचा फारसा अधिकार नाही. तरी रोडरोलरच्या बाजूने मी मत देईन.

ज्यांच्या पुंगळीचा मुलामा घासण्यापलीकडे गेला असेल त्यांनी घरी अधिक पराक्रम न करता ती उद्यमनगरात बफिंग करून नव्याने मुलामा चढविण्यास द्यावी. मात्र नवरात्र बसण्यापूर्वी द्यावी. पूजा झाल्यावर त्या दिवशी मशिनला कोणी हात लावीत नाही, आणि मुलाम्यासाठी उघडलेली येझदी पुंगळ्यांवाचून पूजेस बसवावी लागते.