कोपऱ्यावरच्या बंगल्यातली चार हजारांची बाटली

"काल कोपऱ्यावरच्या बंगल्यातून धूर येत होता, पाहिलात ना वहिनी?" भाऊसाहेबांनी पाण्याची नळी जास्वंदीत सोडली आणि कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवलं. म्हणजे आता अर्धा तास गेला.

पाहिला कसला, आम्ही त्या धुरातच बसलो होतो. त्यांचा मुलगा पुण्याहून आलाय, झाकणाचं नवंकोरं ग्रिल घेऊन, आणि जोडीला चार हजारांची फ्रान्सची रेड वाइन. आम्हाला बोलावणं होतं, भाऊसाहेबांना नव्हतं. ते शल्य त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं, म्हणून मीही जरा मीठमसाला लावूनच सांगितलं.

"अहो, पहिल्या घोटाला सगळे गप्प! लालभडक टिक्का, वर हिरवी चटणी, आणि त्यावर ती वाइन. मुलाचे सासरे सरळ ताकाकडे वळले. आमचे हे भिडेखातर 'वा वा' करत होते, पण डोळ्यांत पाणी."

"कुठली होती?"

"बोर्डोची. कॅबर्ने. लाकडी पिंपात मुरवलेली आहे, हे तीनदा सांगून झालं."

"मग बरोबर झालं," भाऊसाहेब एवढ्या समाधानानं म्हणाले की शल्य गेलंच म्हणायचं.

त्यांची दिंडोरीकडं द्राक्षबाग आहे. आधी सगळी थॉमसन होती, मग काही एकरांत शिराझ लावून त्यांनी वायनरीशी करार केला. त्यामुळे या विषयावर ते बोलायला लागले की मी मध्ये तोंड घालत नाही. फार नाही घालत.

"वाइनच्या द्राक्षाचा मणी बघा एकदा. थॉमसनपुढं एवढासा. साल जाड, आत बिया. रेड करताना रस सालीबियांसकट आंबवतात, त्यातून रंग येतो तसा तुरटपणाही येतो. तेच टॅनिन. कॅबर्नेत ते मुळात जास्त, त्यात पिंपाच्या लाकडाचं आणखी. आणि तेरा-चौदा टक्के अल्कोहोल. मिरचीनं जीभ पेटलेली असताना अल्कोहोल ती आग वाढवतं, आणि टॅनिन नुसतं कडू लागतं. बाटली चार हजारांची असो नाहीतर चाळीस हजारांची."

"त्या चार हजारांत वाइनचे किती आणि सरकारचे किती?"

"ते आणखी वेगळंच. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयातशुल्क. आपल्या गंगापूर रोडवरून तेवढ्यात चार बाटल्या आल्या असत्या."

मी म्हटलं, पण मटणाला रेडच लागते असं सगळे सांगतात ना? त्यावर भाऊसाहेबांनी नळी जास्वंदीतून काढून मोगऱ्यात टाकली. म्हणजे उत्तर लांबणार.

"मटणाला लागते. मिरचीला लागत नाही. फार उकळलेला कोरा चहा जिभेला कसा धरतो? दूध घातलं की निवतो. दुधातली प्रथिनं ते टॅनिन पकडून ठेवतात. मटणातली प्रथिनं आणि चरबी तेच करतात. चॉपचा चरबीचा काठ निखाऱ्यावर खरपूस झाला आणि त्यावर मीठ नीट पडलं, की तीच तुरट वाइन मऊ लागते. म्हणून मी तर म्हणतो, वाइन घेताना कोंबडी की बोकड ते नंतर विचारा. मसाला काय लावणार, ते आधी सांगा."

हे मला पटलं. आमच्याकडे येत्या शनिवारी सिगडी पेटवायची आहे, तेव्हा मी तिथल्या तिथे बेत मांडला. बोकडाचे चॉप्स. दही, आलं-लसूण, कच्च्या पपईचा चमचाभर कीस आणि भरपूर काळी मिरी. लाल तिखट नावाला.

"मग शिराझ!" भाऊसाहेबांचा स्वर असा चढला की त्यांच्या मांजरानं मान वळवली. "मिऱ्याला जो मिरेपणाचा वास असतो ना, तो रोटंडोन नावाच्या द्रव्याचा. तेच द्रव्य शिराझमध्ये असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधून काढलं. तुम्ही मिरी कुटणार आणि बाटलीतही मिरीच. साधी शिराझ किंवा शिराझ-कॅबर्ने घ्या, पिंपात न मुरवलेली. सुलाची घ्या, किंवा अकलूजची फ्रातेल्ली. रिझर्व्हच्या नादी लागू नका. निखाऱ्याचा धूर आणि पिंपाचा धूर असे दोन धूर एका ताटात कशाला?"

यात त्यांचा थोडा स्वार्थ असणारच, शिराझ त्यांच्याच बागेत पिकते. तरी सल्ला खोटा नाही. घरच्या सिगडीला तरुण, फळाच्या चवीची, स्वस्तातली वाइनच झेपते. आमची भाची केपटाऊनला असते, तिथे शनिवार-रविवारी घरोघरी निखारे फुलतात, त्याला ब्राय म्हणतात. ती सांगते की लोक तिथलीच पिनोटाज उघडतात आणि कुणी लेबल वाचत बसत नाही. पिनोटाज म्हणजे पिनो न्वार आणि सँसो यांचा संकर, १९२५ मध्ये स्टेलेनबॉशला केलेला. भाऊसाहेबांना हे माहीत नव्हतं. मी दोनदा सांगितलं.

"आणि चिकन?" त्यांनी विषय बदलला.

चिकन माझ्या सुनेला तिखटच लागतं. तिथे माझा मार्ग असा, की तिखट ब्याडगीचं घ्यायचं. रंग येतो, जाळ कमी. दह्यात साय ढकलायची. वाइन कमी तुरट हवी. झिनफँडेल चालते, तीही गार करून. बार्बेक्यूचा गोड सॉस मात्र नको. गोडावर कोरडी रेड आंबट आणि पातळ लागते. गोड सॉस सुटतच नसेल तर मग गोव्याची ती गोड पोर्ट काढावी. तिला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण मधाच्या विंग्जपुढे तीच टिकते.

"गार करायची म्हणालात ते शंभर टक्के," भाऊसाहेब म्हणाले. "रेड रूम टेंपरेचरला प्यावी म्हणे! कुणाची रूम? युरोपातल्या दगडी घराची, सोळा-अठरा डिग्रीची. आपल्याकडं एप्रिल-मेत हॉलमध्ये पस्तीस असतं. त्यात वाइन नुसती स्पिरिटसारखी नाकात जाते. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. पण रात्रभर नको, फार गार झाली की तुरटपणा वर येतो."

आमचे हे म्हणाले होते, बांगडेही टाकू सिगडीवर. त्यावर भाऊसाहेबांचं आणि माझं एकमत झालं, की बांगड्याला रेड नाही. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलंय, की वाइनमधल्या लोहामुळे माशाचा उग्र वास तोंडात उठतो, आणि रेडमध्ये लोह बहुधा जास्त असतं. बांगड्याबरोबर सोलकढी प्यावी. नाहीतर शेनँ ब्लाँ आहेच.

मग आलं भरीत. भाऊसाहेबांची सौ. जळगावची, शाकाहारी, आणि तिच्या भरताबद्दल आमच्या गल्लीत दुमत नाही. ती पांढरट-हिरवी मोठी वांगी, माहेरी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, इथे आमच्या निखाऱ्यावर. शेंगदाणे, कांद्याची पात, लसूण, सढळ तेल. मला वाटायचं, वांग्याला कसली आलीय रेड. पण धूर आहे, तेल आहे, शेंगदाणे आहेत. सान्जोव्हेजेसारखी हलकी, जराशी आंबट रेड तिथे चॉपइतकीच शोभते. हिरव्या मिरच्या तेवढ्या मोजून. यावर भाऊसाहेब काही बोलले नाहीत. त्यांच्या घरात मिरच्या मोजणं कुणाच्या हातात आहे, हे गल्लीला ठाऊक आहे.

"बाटल्या आणणार कोण?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

प्रश्न खरा होता. आमच्या सासूबाई माळकरी. निखाऱ्यावरचं मटणच त्यांनी महाप्रयासानं सोसलंय, तेही अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. फ्रिजमध्ये बाटली दिसली तर शनिवारची रविवार सकाळपर्यंत चर्चा.

"आमच्या फ्रिजमध्ये गार करा, भिंतीवरून देतो," भाऊसाहेब म्हणाले.

"आणि उरली तर?"

"फिरकीचं झाकण असतं, लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. नंतर मटणाच्या मॅरिनेशनला घालायची. तेव्हा उरलेली परत माझ्याकडंच द्या, सांभाळतो."

भाऊसाहेबांच्या फ्रिजमध्ये गेलेली अर्धी बाटली कुणाला परत मिळाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. म्हणून ह्यांना सांगून ठेवलंय, माणसं मोजूनच बाटल्या आणा.