उपवासकाळातला तंबू

पौल प्रेषित पोटापाण्यासाठी तंबू बनवायचा, हे आमच्या मंडळीत रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. बनवलेला तंबू उभा कसा करायचा, याबद्दल मात्र प्रेषितांच्या कृत्यांत एक अक्षर नाही. त्यामुळे हिवरे बाजार गावातल्या एका शेताच्या बांधाजवळ दोन डिकन, एक खजिनदार आणि एक निवृत्त हेडमास्तर हातात काठ्या घेऊन उभे होते आणि पाचवी काठी कुठली यावर त्यांच्यात एकमत होत नव्हतं. अखेर शेतमालकाचा शाळकरी मुलगा आला आणि कुणाला काही न विचारता तंबू ठोकून गेला.

ही कल्पना पाळकसाहेबांची. उपवासकाळाच्या पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "आपण फार सुखावलोय. प्रभू चाळीस दिवस अरण्यात राहिला. आपण निदान शनिवार-रविवार तरी बाहेर पडू या." बोलणं खोटं नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 साली सुरू झालं. इतक्या वर्षांत आमच्याकडे प्रत्येक घराचं बाक ठरलंय आणि कुठल्या बाकावर कुठला पंखा येतो तेही ठरलंय. रेव्हरंड टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही आल्या. घरदार, जात, माहेर-सासर सगळं पणाला लावून ते दोघं याच नगरात राहिले. त्यांनी केला त्याला बाहेर पडणं म्हणतात. आमच्याकडे गादीऐवजी सतरंजी म्हटल्यावर महिला मंडळाने बैठक बोलावली.

हिवरे बाजार निवडलं तेही पाळकसाहेबांनीच. ते मूळचे कोकणातले, नुकतेच बदलून आलेले. नगर तालुका म्हणजे दुष्काळ, उघडे डोंगर आणि खडक, एवढंच त्यांनी ऐकलेलं. अरण्यातल्या परीक्षेवरचं प्रवचनही त्यांनी तयार ठेवलं होतं. आम्हा नगरकरांना खरी परिस्थिती ठाऊक होती, पण एकानेही तोंड उघडलं नाही. परीक्षा द्यायचीच तर सावलीत बसून द्यावी, असा मंडळीचा मूक ठराव होता. कल्याण रस्ता सोडून गाडी आत वळली, झाडी सुरू झाली, स्वच्छ रस्ते आणि एकसारखी रंगवलेली घरं दिसली, आणि पाळकसाहेबांच्या हातातली टिपणाची वही हळूच मिटली. तंबूशेजारी कांद्याचं हिरवंगार रान होतं. सैतानाने इथे येऊन धोंड्यांच्या भाकरी करायला सांगितलं असतं, तर कुणीतरी त्याला पंगतीलाच बसवलं असतं.

पत्रकात 'रात्री 8 वाजता : शेकोटीभोवती साक्षी' असं छापलेलं होतं. तरुण संघाची पोरं लाकडं आणायला डोंगराकडे निघाली, तशी शेतमालकाने हाक मारली, "ओ पाव्हणं, कुऱ्हाडबंदी आहे हितं!" मग बांधावर बसून त्याने सगळी यादीच ऐकवली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, लोटाबंदी, बोअरवेलबंदी आणि श्रमदान. नशाबंदीला खजिनदारांची तंबाखूची डबी खिशातल्या खिशात आणखी खोल गेली. लोटाबंदी ऐकून ज्यांनी पहाटेचा बेत डोंगराच्या दिशेने आखला होता, ते गप्प झाले. हेडमास्तर म्हणाले, "मोशेला दहा आज्ञा लागल्या, यांचं सातात भागलं." त्यावर शेतमालक म्हणाला, "आमच्याकडं ग्रामसभा आहे ना. मोडली तर सगळ्यांसमोर इचारतात." मोशेकडे नेमकी ग्रामसभाच नव्हती.

शेवटी बादलीत टॉर्च ठेवून तिच्याभोवती साक्षी झाल्या. महिला मंडळाच्या मावशींनी उभं राहून प्रभूचे आभार मानले आणि खाली बसलेल्या गुडघ्याने उद्या सकाळी उठायला साथ द्यावी अशी विनंती जोडली. याकोबाने धोंडा उशाला घेतला, तेव्हा त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसली. आमच्या हेडमास्तरांच्या पाठीखाली रात्रभर धोंडा होता, त्यांना तंबूचं छत दिसलं.

सकाळी उपासनेसाठी डोळे मिटले, तेवढ्यात कावळ्यांनी चपात्यांचा डबा उघडा पाडला. एलीयाला करीथ ओहळाकाठी कावळे भाकरी आणून देत. आमच्या बाबतीत वाहतूक उलट्या दिशेने होती. प्रार्थना लांबली आणि 'आमेन'पर्यंत डबा रिकामा झाला. शेतमालकाच्या घरी हे कळलं. थोड्या वेळाने काकू डोक्यावर पाटी घेऊन आल्या. बाजरीच्या भाकऱ्या, पिठलं, लसणाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. उपवासकाळातलं आमचं हे सर्वांत भरगच्च जेवण.

पाळकसाहेबांनी वही उघडलीच नाही. हाताला पिठलं लागलेलं असतानाच ते बोलायला लागले. एलीयाची गोष्ट दुष्काळाची आहे, पाऊस नव्हता म्हणून तो ओहळही आटला. मग देवाने त्याला आणखी आत अरण्यात धाडलं नाही, सारफथ गावी एका विधवेच्या दारी पाठवलं. ती परक्या देशाची, परक्या धर्माची. मूठभर पीठ उरलेलं, त्यातली भाकर आधी त्याला दिली आणि तिचं मडकं आटलं नाही. "आपण देवाला एकांतात शोधत बसतो," ते म्हणाले, "आणि तो आपल्याला कुणाच्या तरी चुलीपाशी नेऊन सोडतो." आम्ही सगळे काकूंकडे बघायला लागलो. काकू म्हणाल्या, "आमचं पीठ संपतं की. मग गिरणीत जायचं." माझ्या मते त्या दोन दिवसांतलं उत्तम प्रवचन या दोघांनी मिळून दिलं.

दुपारी शेतमालकाने दुष्काळाचा आपला अध्याय सांगितला. 1972 नंतर गाव बसत गेलं. विहिरी कोरड्या, घरं रिकामी, दारूच्या भट्ट्या मात्र पेटत्या. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. एम.कॉम. शिकलेला, क्रिकेट खेळणारा तरुण. त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. डोंगरावर समतल चर, ओढ्यांवर बांध, गवत राखणं, हे वर्षानुवर्षं चाललं. पाऊस आजही सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपासच. पण तो मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं आणि जनावरं, मग उरेल त्यावर पिकं. कमी पडला तर पीक कमी. इथे आमचे खजिनदार पुढे सरकून बसले. शिल्लक नसेल तर खर्च नाही, हे वाक्य त्यांनी आमच्या वार्षिक सभेत अनेकदा म्हटलंय, पण ते पाळणारं गाव त्यांना प्रथमच भेटत होतं.

आणि ऊस नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यात या गावाने ऊस आणि केळी सोडली. उपवासकाळासाठी हेडमास्तरांनी चहा सोडलाय आणि ते कॉफी घेतात. मी गोड सोडलंय आणि ईस्टरला काय काय खायचं ते मला आत्ताच ठाऊक आहे. या गावाच्या उपवासाला तीसेक वर्षांत ईस्टर उगवलेला नाही आणि तक्रारही कुणी केली नाही.

निघताना मावशींना कळलं, की गावात मुस्लिम कुटुंब एकच आहे आणि त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधलीय. मावशी पाळकसाहेबांना म्हणाल्या, "आपलंही एक घर इथं राहायला पाठवा की!" गाडीत दोन डिकनांनी आपापली नावं सुचवली.

तुम्हाला जायचं असेल तर खुशाल जा. गाव पाहायला येणाऱ्यांची त्यांना सवय आहे, मात्र मुक्काम करायचा तर आधी विचारून ठेवा. सरपण मागू नका, तंबाखू घरी ठेवा, चपात्यांच्या डब्याला घट्ट झाकण लावा. आणि तंबू ठोकायला डिकन नेऊ नका.