गॅप कुणाचा?

आयटी कंपन्यांनी फ्रेशरला ‘मधली दोन वर्षं काय करत होता?’ हे विचारणं आधी बंद करावं. तो गॅप अनेकदा त्यांनीच पाडलेला असतो.

इन्फोसिसचंच घ्या. २०२२ मध्ये पास झालेल्या मुलांना ऑफर दिली आणि दोन वर्षांहून जास्त ताटकळत ठेवलं. पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुलं म्हैसूरला रुजू झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना ‘तीन संधींत परीक्षा पास झाला नाहीत’ म्हणून घरचा रस्ता दाखवला. ही अट करारातच होती, असं कंपनी म्हणते. असेल. पण मुलाला तीन संधींची मर्यादा आणि कंपनीला तारखेचंही बंधन नाही, हा कुठला करार? विप्रोने तर फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा लाखांची ऑफर हातात असलेल्यांना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं होतं.

पुण्यातला मुलगा वाट पाहण्याच्या या काळात ओळखीने कुठेतरी इंटर्नशिप धरतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यातल्याने काय धरावं? सास्तीच्या खाणीवर ठेकेदाराकडे सुपरवायझर, नाहीतर गडचांदूरला सिमेंट कारखान्यात कंत्राटी काम. ते केलं तर अनुभव ‘नॉन-आयटी’. नाही केलं तर गॅप. नव्याने अर्ज करावा, तर जाहिरातीत ‘फक्त चालू बॅच’. शिवाय दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे साठ टक्के. बारावीत अठ्ठावन्न पडलेल्या पोरीचा कोड उघडून पाहण्याआधीच ती बाद होते.

अट पार केली तरी घरून द्यायची ऑनलाइन टेस्ट आहेच. माझ्या ओळखीतल्या राजुऱ्याच्या एका मुलीने ती मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिली. कॅमेरा चालू, नजर स्क्रीनवरून हलली की इशारा. दुसऱ्या कोडिंग प्रश्नाच्या मध्यात लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, दहा मिनिटांत तोही बंद. लाइट आली तेव्हा वेळ संपलेली होती. वर्धा नदीपलीकडे चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं वीज केंद्र राज्याला वीज पुरवतं, हे तिला शाळेत शिकवलं होतं. “लॉजिक जमलं होतं जी, फक्त सबमिट करायचं राहिलं,” ती म्हणाली. ती कोड कसा लिहिते, हे त्या कंपनीला आजही माहीत नाही.

पावसाळ्यात नागपूरला पूल कॅम्पस (अनेक कॉलेजांची एकत्र भरती) ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: वर्धा नदीला पूर आला की राजुरा-बल्लारपूर पुलावरून पाणी जातं आणि रस्ता बंद होतो. गैरहजर मुलाला दुसरी तारीख द्यायला काय जातं?

ऑफर लेटरवर रुजू होण्याची तारीख छापलेली हवी. ती टळली तर दर महिन्याला भत्ता हवा, आणि वाट पाहण्यात गेलेला काळ कुठल्याच कंपनीने गॅप धरू नये. कामगार खात्याने हे नियमात बसवावं. कॉलेजंही यातून सुटत नाहीत. ऑफर आली की फलकावर फोटो, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. पुढल्या प्रवेशाच्या वेळी पालकांनी फी भरण्याआधी एवढंच विचारावं: फोटोतल्या किती जणांना पहिला पगार मिळाला? यादी मागावी, महिन्यासकट.